सौ.च्या खात्याला माझा अंगठा

३ नोव्हेंबर, सकाळ

आजपासून घरात पासवर्ड बंद. निर्णय झाला.

काल ऑफिसात सायबर सुरक्षेवर व्याख्यान होतं. व्याख्याता पोरगेलासा होता, पण मुद्दा पटला. पासवर्ड चोरीला जातो, पासकी जात नाही. फोनला बोट लावायचं की खातं उघडतं. पाठ करायचं काही नाही. शेवटचा भाग चहाच्या गडबडीत ऐकायचा राहिला, पण शेवटी असे लोक आभारच मानतात.

आमच्या घरातली सुरक्षेची परिस्थिती: सौ.च्या खात्याचा पासवर्ड स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या चिठ्ठीवर. मिक्सरच्या वॉरंटी कार्डाशेजारी. बघून अंगावर काटा आला.

सौ. स्वेटरचे नमुने करते. म्हणजे किती टाके घालायचे, कुठे वाढवायचे, गळा कसा काढायचा, हे ओळवार लिहून, आकृत्या काढून एका वेबसाइटवर विकायला ठेवते. कुठल्या कुठल्या देशांतल्या बायका ते घेऊन विणत बसतात. मी त्याला छंद म्हणतो, ती काम म्हणते. मी वाद घालत नाही.

संकल्प: आठवड्याभरात संपूर्ण घर पासवर्डमुक्त. रोजनिशी रोज लिहिणे.

४ नोव्हेंबर, दुपार

सौ. कन्येकडे गेली आहे, संध्याकाळी येईल. उत्तम संधी.

आधी माझ्या स्वतःच्या खात्यावर प्रयोग करणार होतो. पण त्यात एका जुन्या मित्राच्या वाढदिवसाच्या शुभेच्छांखेरीज काही नाही. रिकाम्या पेटीला कुलूप कशाला लावायचं? थेट सौ.चं खातं घेतलं. पासवर्ड चिठ्ठीवर होताच.

फारच सोपं निघालं. वेबसाइट विचारते, आपण उत्तर द्यायचं. पासकी या फोनवर ठेवू? ठेव. (फोन माझा.) बोट लावा. उजवा अंगठा लावला. आणखी एखाद्या फोनवर जोडायची? नको. अडचणीच्या वेळेसाठी कोड देऊ, लिहून ठेवणार? नंतर. क्लाउडवर प्रत ठेवू? मुळीच नाही, माझी चीजवस्तू मी दुसऱ्याच्या माळ्यावर ठेवत नाही. जुना पासवर्ड काढून टाकू? अर्थात!

ऑफिसात आवक-जावक विभागाच्या कपाटाची किल्ली एकच आहे आणि ती माझ्या कमरेला असते. मी रजेवर असलो की कपाट उघडत नाही. याला व्यवस्था म्हणतात. मागे मी आजारी असताना साहेबांनी कुलूप तोडायला सुतार बोलावला होता, पण तो साहेबांच्या उतावळेपणाचा प्रश्न आहे.

चिठ्ठीचे बारीक तुकडे करून कचऱ्यात टाकले. ऊर भरून आला.

५ नोव्हेंबर

सौ.ने सकाळी कपाट उघडलं आणि चिठ्ठी कुठे आहे म्हणून विचारलं. मी तिला खुर्चीवर बसवलं आणि सगळं सविस्तर समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, मी आत कशी जाणार?

मी म्हटलं, मी आहे ना.

त्यावर ती माझ्याकडे बघत राहिली. इतक्या वर्षांनी नवऱ्याने आपल्यासाठी काही केलं की बायकांना शब्द सुचत नाहीत.

तिने कॉम्प्युटरवर खातं उघडायला घेतलं, पडद्यावर चौकोनी ठिपक्यांचं चित्र आलं, ते मी माझ्या फोनने टिपलं, अंगठा लावला. उघडलं! टाळी द्यायला हात पुढे केला. तिच्या हातात सुया होत्या.

७ नोव्हेंबर

थोडी तारांबळ. खातं वापरलं नाही की थोड्या वेळाने आपोआप बंद होतं, मग पुन्हा अंगठा. काल दुपारच्या झोपेतून उठवलं. आज दाढीला बसलो होतो, गालाला फेस, तेवढ्यात ती दारात. त्यानंतर केस कापायला गेलो तर तिथे सौ. कॉम्प्युटर काखेत मारून हजर. न्हाव्याने कात्री थांबवली. मी चादरीखालून अंगठा बाहेर काढून दिला. बाकावरची गिऱ्हाइकं बघत होती. न्हावी म्हणाला, वहिनी, साहेबांना इथेच ठेवून जाता का, लागतील तेव्हा येऊन वापरा.

लोकांना सुरक्षेचं गांभीर्य नाही. एका बाजूचे कल्ले जरा वर गेले आहेत.

एक मात्र खरं, या निमित्ताने आम्ही दोघं दिवसातून कितीदा तरी एकत्र येतो. जवळीक वाढते आहे.

९ नोव्हेंबर

ऑफिसात सौ.चा फोन. एका गिऱ्हाईक बाईंचं बाहीत अडलंय, त्यांना उत्तर द्यायचंय. मी म्हटलं, चित्र फोनवर पाठव, मी इथून टिपतो. टिपलं. चालेना. फोन कॉम्प्युटरच्या जवळ असावा लागतो म्हणे. सुरक्षा किती कडक आहे याचा पुरावाच मिळाला.

जेवणाच्या सुट्टीत घरी गेलो, अंगठा दिला, परत आलो. साहेबांनी विचारलं कुठे होता. सुरक्षेच्या कामासाठी, म्हटलं.

कॅशियरने सगळं ऐकलं. हा आमच्या ऑफिसातला प्रत्येक गोष्टीत नाक खुपसणारा माणूस. म्हणाला, अहो, वहिनींच्या फोनवर एक पासकी जोडून टाका ना, दोन मिनिटांचं काम आहे. सौ.ही कालपासून हेच म्हणते आहे. मी दोघांनाही एकच उत्तर दिलं: दोन किल्ल्या म्हणजे अर्धी सुरक्षा. कॅशियर हसला. हसू दे. त्याच्या ड्रॉवरला कुलूप नाही.

११ नोव्हेंबर

मोठी बातमी!!

एक लोकर कंपनी लहान मुलांच्या विणकामाचं पुस्तक काढते आहे. त्यांच्या संपादिकेला सौ.चे नमुने आवडले. सगळा संच हवा आहे, बदकाची टोपी, वेणीचा स्वेटर, बोटं नसलेले हातमोजे, सगळं. पुस्तकात सौ.चं नाव छापणार, फोटो छापणार. वीस तारखेपर्यंत पाठवा, त्यानंतर पुस्तक छपाईला जाईल.

पत्र खात्यात येऊन पडलं होतं, चार तारखेलाच. मधल्या दिवसांत माझा अंगठा मिळेल तेवढ्या वेळात ती फक्त गिऱ्हाइकांना उत्तरं देत होती, म्हणून नजरेतून सुटलं. आज बघितलं तेव्हा ती उभीच राहिली. मग खाली बसली. डोळे पुसले. कन्येला फोन केला, फोनवर दोघी रडल्या, हसल्या. मी बाजूला उभा राहून माझ्याबद्दल काही निघतं का ते ऐकत होतो. वेळ कमी असेल, म्हणून निघालं नसेल.

तरी सांगतो, खातं सुरक्षित होतं म्हणून पत्र सुरक्षित राहिलं. दुसऱ्या कुणी वाचलंही नाही.

सौ. नमुने एकदा तपासून, नीट करून मग पाठवणार आहे. तिचं सगळं काम असं नीटनेटकं असतं. तिने आज पुन्हा तिच्या फोनवर पासकी जोडण्याचा विषय काढला. वीस तारखेनंतर बघू म्हटलं. ऐन धामधुमीत व्यवस्थेत बदल करू नये.

१३ नोव्हेंबर

माझा वाटा म्हणून कॉम्प्युटर साफ केला. सौ. बाजारात होती. सगळी जागा 'बदक-शेवटचं', 'बदक-शेवटचं-नवीन', 'बदक-खरोखर-शेवटचं' असल्या फायलींनी खाल्ली होती. हे सगळं खात्यात आहेच, मग दोनदा कशाला? पुसून टाकलं. कचरापेटीही रिकामी केली. कॉम्प्युटर काय झरझर चालतोय!

सौ.ला सरप्राइज द्यायचं म्हणून सांगितलं नाही.

१४ नोव्हेंबर, दुपार

फोनने त्रास दिला म्हणून तडकाफडकी नवा घेतला. जुना देऊन नवा, अशी योजना होती. दुकानदार म्हणाला, आतलं सगळं पुसावं लागेल, बॅकअप घेतला का? मी त्याला अंगठा दाखवला. म्हटलं, आमच्या किल्ल्या इथे आहेत, फोनात नाही. फोन येतात आणि जातात, अंगठा आपलाच. दुकानदाराने जुन्या फोनातलं सगळं पुसून टाकलं.

नव्या फोनचा कॅमेरा उत्तम. ऑफिसच्या कपाटाचा फोटो काढला.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळ

चालत नाही.

अंगठा साबणाने धुतला. चालत नाही. कोमट पाण्यात धरला. चालत नाही. थंडीमुळे कातडी फुटली असेल म्हणून क्रीम लावलं, तर फोन हातातून निसटला. डावा अंगठा लावला. मग एकेक बोट. फोन उघडतो, खातं उघडत नाही. या फोनवर पासकी नाही, एवढंच सारखं सांगतो.

सौ. शेजारी बसून आहे. तिला सांगितलं, नव्या फोनला माझी ओळख पटायला रात्र जावी लागते.

१५ नोव्हेंबर

ऑफिसला उशिरा जातो कळवून दुकानात गेलो. जुना फोन काउंटरवरच होता. मला उगाच भरून आलं. दुकानदाराने तो चालू करून दाखवला. आत काही नाही. भाषा निवडा, म्हणाला मला. माझाच फोन!

कॅशियरला विचारावं लागलं. त्याचं म्हणणं असं: पासकी फोनात असते. अंगठा फक्त फोनला सांगतो की हो, मालक आलाय. फोन गेला म्हणजे पासकी गेली. हे व्याख्यानाच्या शेवटी नीट सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही बिस्किटं वाटत होतात.

म्हणजे चूक कुणाची? एवढी महत्त्वाची गोष्ट चहाच्या वेळेला सांगतात!

सौ.ला अजून सांगितलेलं नाही. आधी सोडवायचं, मग सांगायचं. ती खात्यातले पक्के नमुने तपासायला मिळत नाहीत म्हणून घरभर फेऱ्या मारते आहे.

१६ नोव्हेंबर

मार्ग सापडला. खातं हरवलेल्यांसाठी वेबसाइटवर सोय आहे. काही प्रश्न विचारतात, मालकच उत्तर देऊ शकेल असे. सौ. आंघोळीला गेली होती, तेवढ्यात उरकून टाकायचं ठरवलं. घरातला कर्ता पुरुष मीच.

पहिला विकला गेलेला नमुना कुठला? 'स्वेटर' लिहिलं. खातं कुठल्या वर्षी उघडलं? कन्येच्या लग्नाच्या आसपास, म्हणून ते वर्ष टाकलं. दुकानाच्या पानावर कशाचं चित्र आहे? लोकरीचं असणार. 'लोकर' लिहिलं. नेहमी येणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं नाव? 'मॅडम' लिहिलं.

चूक, म्हणाले. पुन्हा प्रयत्न केला. 'लाल स्वेटर' लिहिलं. चूक. तिसऱ्यांदा 'मोजे'. आता खातं दोन दिवस गोठवलं आहे. संशयास्पद व्यक्ती मालक असल्याचं भासवते आहे, असं लिहून आलं. मला! संशयास्पद!

ओले केस घेऊन सौ. मागे उभी होती. तिने ते वाचलं. सगळं सांगावं लागलं. फोनचं. फायलींचंही सांगितलं, कारण ती लगेच कॉम्प्युटरवरच्या प्रती शोधायला लागली.

मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं. तिने एवढंच विचारलं की मी घरात असताना माझ्या कामाचे प्रश्न तुम्ही का सोडवत होतात. मग म्हणाली, पहिला नमुना कानटोपीचा होता. तुमच्यासाठी केली होती. तुम्ही घालता ती.



१७ नोव्हेंबर

सौ.ने मोठी ट्रंक उघडली. तिने स्वतः विणलेले मूळ स्वेटर, टोप्या, मोजे सगळे त्यात आहेत. ते खाटेवर पसरले आणि एकेक टाका मोजून नमुना परत कागदावर उतरवायला बसली. ओळ मोजायची, लिहायची, पुढची ओळ. बघूनच मान दुखते.

मदत केली. मोठ्याने मोजत होतो. मधे सहज विचारलं की हा गळा एवढा लहान, डोकं कसं जातं? ती आकडा विसरली. पुन्हा पहिल्यापासून. मग मी लोकरीचा गुंता सोडवायला घेतला. तो गुंता नव्हता, हातमोजा होता. आता नाही.

मला बाहेर बसायला सांगितलं.

ताईला फोन लावला. माझी थोरली बहीण. हिने आमच्या लग्नानंतर लगेचच सौ.च्या विणकामाला रिकामटेकडा उद्योग म्हटलं होतं, तेव्हापासून दोघींचं कामापुरतंच बोलणं. म्हटलं, कुणीतरी माझी बाजू समजून घेणारं हवं. ताई लगेच आली. माझी बाजू मी दारातच मांडली. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, तू लहानपणी घड्याळ उघडायचास तेव्हाच तुझे हात बांधायला हवे होते.

मग आत गेली. सौ.ला म्हणाली, हा स्वेटर मी हातात घेऊ का? सौ. हो म्हणाली. दोघी संध्याकाळपर्यंत मोजत बसल्या. एकीने मोजायचं, दुसरीने लिहायचं. चहा मी केला. कपबशा बाहेरच ठेवायला सांगितल्या.

१८ नोव्हेंबर

रजा टाकली. कपाटाची किल्ली माझ्याकडेच राहिली, ऑफिसातून तीनदा फोन. शेवटी शिपाई घरी येऊन घेऊन गेला. जाताना म्हणाला, साहेब आता दुसरी करून घेणार आहेत.

गोठवण्याची मुदत आज संपली. मी सौ.जवळ जाऊन बसलो, काही अडलं तर असावं म्हणून. तिने सगळी उत्तरं भरली. एकदाही थांबली नाही. गिऱ्हाइकाचं नाव विचारलं तिथे चौघींची लिहिली, त्यांच्या मुलांची नावंसुद्धा. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. कधी सांगितलं नाही, असं म्हणणार होतो. पण सांगितलं असेल.

वेबसाइटवाल्यांनी कळवलं की तपासून सांगतो, काही दिवस लागतील.

२० नोव्हेंबर

ताई आजही आली होती. दुपारपर्यंत मोजून झालं तेवढं सौ.ने कन्येच्या ईमेलवरून संपादिकेला पाठवून दिलं. बदक गेलं, हातमोजे गेले, झबलं गेलं. वेणीचा स्वेटर राहिला. त्याच्या वेण्या एकमेकींतून जातात, मोजताना सुटतात. तो तिचा सगळ्यात लाडका होता. संपादिकेला मुदत वाढवून मागितली, बाई चांगल्या बोलल्या, पण छापखाना थांबत नाही म्हणाल्या.

सौ.ने तो स्वेटर घडी करून परत ट्रंकेत ठेवला. मी म्हटलं, पुढच्या पुस्तकात येईल. ताईने माझ्याकडे असं बघितलं की मी उठून पाणी प्यायलो, तहान नसताना.

२३ नोव्हेंबर

खातं उघडलं! सकाळी वेबसाइटवाल्यांचा निरोप आला.

सगळं आत जसंच्या तसं. वेणीचा स्वेटरही, ओळनओळ. तीन दिवस उशीर. पण डेटा सुखरूप राहिला, हेही बघायला हवं. मी तसं म्हटलं. खोलीत कुणीच नव्हतं, बरं झालं.

सौ.ने स्वतःच्या फोनवर पासकी केली. स्वतःचं बोट लावलं. कोड दिले ते लिहून घेतले, क्लाउडवर प्रत ठेवली, कन्येचा जुना फोन होता त्यावरही एक जोडली. कॅशियर म्हणाला होता तेवढाच वेळ लागला. मी मागे उभा राहून बघत होतो. सूचना करण्यासारखं काही निघालं नाही.

मग वेबसाइटने विचारलं, कधी तुम्ही अडकलात तर तुमची खात्री पटवून देणारी एक भरवशाची व्यक्ती निवडा. तिच्या शब्दावर आम्ही दार उघडू. मी केसांवरून हात फिरवला. झालं गेलं विसरून एकमेकांना सांभाळून घेण्याची हीच वेळ असते. माझा नंबर तिला पाठ नसेल म्हणून मी फोन पुढे केला.

तिने ताईचं नाव लिहिलं.

मी म्हटलं, ताई? तिला तर तू धड आवडतसुद्धा नाहीस. सौ. म्हणाली, नसेन आवडत. पण वन्सं माझ्या वस्तूला हात लावायच्या आधी विचारतात.

मी म्हटलं, मी जे केलं ते तुझ्याच भल्यासाठी केलं. ती म्हणाली, जरा सरका, उजेड अडतोय.

सरकलो. बाल्कनीत जाऊन उभा राहिलो. खूप वाईट वाटलं. नेहमीसारखी सबब शोधून बघितली, सापडली नाही.